पार्लरमधला ‘१९४२’ आणि कॅसेटमधला ‘१९४२’ वेगळे का?

कॅपकॉम कंपनीने २०२१ मध्ये आपल्या जुन्या गेम्सचा ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ हा संग्रह काढला. त्यात ‘१९४२’ हा विमानांचा गेम आहे. टीव्हीला जोडायच्या डब्यात कॅसेट खोचून ज्यांनी तो लहानपणी खेळला, ते हा संग्रह उघडतात आणि बुचकळ्यात पडतात. पडदा उभा आहे, विमानं चांगली रंगीत आहेत, काहीच लुकलुकत नाही आणि सगळं जरा घाईत चाललंय. आपण खेळायचो तो हा नव्हेच, असं वाटतं.

ते बरोबरच आहे. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या यंत्रावरचा मूळ गेम तो संग्रहातला. घरोघरी पोचला तो दुसऱ्या यंत्रासाठी पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिलेला. मूळ प्रोग्रॅमची नक्कल करून तो घरच्या डब्यात घालण्याची सोयच नव्हती, कारण दोन्हीकडचे प्रोसेसर एकमेकांची भाषा समजत नाहीत. म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी बसून ठरवलं. बरेचसे निर्णय हौसेने नाही, नाइलाजाने झाले आणि त्या नाइलाजाचे आकडे आज तपासता येतात.

## आधी मूळ गेम

‘१९४२’ जपानमध्ये १९८४ च्या अखेरीस आला. तो योशिकी ओकामोतो यांनी केला. त्याआधी कोनामी या दुसऱ्या कंपनीत असताना ‘टाइम पायलट’ हा विमानांचाच गेम त्यांच्या हातून झाला होता. ‘१९४२’ मध्ये आपलं विमान पडद्याच्या खालच्या भागात असतं, समुद्र आणि बेटं वरून खाली सरकत जातात आणि शत्रूची विमानं झुंडीने येतात. टप्पे ३२, तेही उलटे मोजलेले, ३२ पासून १ पर्यंत. दर गोळीला बटण दाबावं लागतं. दुसऱ्या बटणाने विमान कोलांटी मारतं आणि तेवढ्या वेळात त्याला गोळी लागत नाही. कोलांट्या मोजक्याच, सुरुवातीला ३. लाल विमानांची एखादी रांग पूर्ण पाडली की ‘पॉव’ असं लिहिलेली खूण मिळते. ती उचलल्यावर कधी चार नळ्यांचा मारा मिळतो, कधी दोन्ही बाजूंना छोटी सोबती विमानं येतात, तर कधी पडद्यावरचे सगळे शत्रू साफ होतात. टप्पा संपला की किती टक्के विमानं पाडली याचा हिशेब दाखवला जातो.

नवखा खेळाडू हमखास चुकतो ते एका ठिकाणी. तो पडद्याच्या अगदी तळाला चिकटून बसतो. सगळा धोका वरूनच येणार असं त्याला वाटतं, पण मोठी विमानं खालूनही घुसतात आणि पाठीमागून धडक बसते. तळापासून साधारण पाव पडदा वर राहिलं तर दोन्हीकडे पाहायला वेळ मिळतो.

## जपानी कंपनी आणि टोकियोवर हल्ला?

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आपलं विमान अमेरिकी पी-३८ लाइटनिंग, शत्रू जपानी आणि शेवटचं लक्ष्य टोकियो. जपानी कंपनीने असा गेम का करावा, हा प्रश्न आजही विचारला जातो. उत्तर बाजारातलं आहे. हा गेम पाश्चात्त्य, मुख्यतः अमेरिकी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून बेतलेला होता.

इतिहास म्हणून मात्र त्याच्याकडे पाहू नये. चार-चार टप्प्यांचे ८ प्रदेश आहेत: मिडवे, मार्शल, अट्टू, रबाउल, लेटे, सायपान, इवो जिमा आणि ओकिनावा. मिडवेची लढाई जून १९४२ मधली खरी, पण सायपान आणि लेटे १९४४ मधले, तर इवो जिमा आणि ओकिनावा १९४५ मधले. अट्टू तर पार उत्तरेला, अलास्काच्या शेपटासारख्या बेटांच्या माळेत आहे. मिडवेहून टोकियोला निघालेला कोणीही त्या वाटेने जाणार नाही. त्यात आपलं विमान दर टप्प्याला विमानवाहू जहाजावरून उडतं. खरं पी-३८ नौदलाचं नव्हतंच. ते लष्कराच्या हवाई दलाचं, जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडणारं विमान होतं. पण दोन शेपट्यांमुळे वरून पाहिलं की ते झटकन ओळखू येतं. पडद्यावर हाच गुण कामाला आला असावा.

## पार्लरच्या खोक्यात काय होतं

मूळ यंत्राच्या बोर्डवर झेड-८० जातीचे दोन प्रोसेसर होते. ४ मेगाहर्ट्झचा मुख्य प्रोसेसर गेम चालवायचा आणि ३ मेगाहर्ट्झचा दुसरा फक्त आवाज सांभाळायचा. आवाजासाठी एवाय-३-८९१० या दोन चिप होत्या. प्रत्येकीत ३ सूर, म्हणजे एकूण ६ सूर, शिवाय स्फोटांसाठी खरखर.

खरी मेख चित्रांत होती. पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं असतं. प्रोसेसर दर सेकंदाला ६० वेळा एकेक ठिपका रंगवत बसला असता, तर गेम चालवायला त्याला उसंतच मिळाली नसती. म्हणून चित्रांचे तयार तुकडे बोर्डवरच्या चिपमध्ये कोरून ठेवलेले असायचे. त्या चिपला रॉम म्हणतात. समुद्र आणि बेटांसारख्या पार्श्वभूमीच्या तुकड्यांना टाइल म्हणतात आणि त्यावरून मोकळेपणी फिरणाऱ्या विमानांना, गोळ्यांना स्प्राइट. प्रोसेसरने फक्त ‘अमुक नंबरचं विमान तमुक जागी’ एवढंच सांगायचं. ते रंगवण्याचं काम वेगळी सर्किटं करतात.

पंगतीत यजमान स्वतः वाढत नाही, तो वाढप्यांना सांगतो. हे तसंच आहे. वाढपी किती आणि ते एका रांगेत किती पानं वाढू शकतात, यावर पंगत कशी उठेल ते ठरतं. पार्लरच्या बोर्डवर हे वाढपी भरपूर होते.

मुख्य प्रोग्रॅम, आवाज आणि चित्रं मिळून मूळ गेमच्या रॉमचा आकार २०० केबीच्या थोडा वर जातो. त्यातली चित्रंच १२० केबी. विमानांसाठी १६ गुणिले १६ ठिपक्यांचे ५१२ तुकडे, पार्श्वभूमीसाठी त्याच आकाराचे आणखी ५१२, शिवाय अक्षरं वेगळी. विमानाच्या एका तुकड्यात १५ रंगांपर्यंत वापरता येतात. १९८४ साली ही चैन होती.

## घरच्या कॅसेटमध्ये ४० केबी

जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी ‘१९४२’ डिसेंबर १९८५ मध्ये आला. अमेरिकेत त्याच यंत्राला एनईएस म्हणत, तिथे तो नोव्हेंबर १९८६ मध्ये पोचला. हे रूपांतर कॅपकॉमच्या कचेरीत झालं नाही, ते मायक्रोनिक्स या बाहेरच्या कंपनीला दिलेलं होतं. आपल्याकडच्या डब्यांवर चालला तो हाच.

या कॅसेटमध्ये प्रोग्रॅमला ३२ केबी आणि चित्रांना ८ केबी जागा होती. ८ केबीत ८ गुणिले ८ ठिपक्यांचे ५१२ तुकडे मावतात आणि त्यातच विमानं, बेटं, आकडे, अक्षरं, स्फोट हे सगळं बसवायचं. मूळचा १६ गुणिले १६ चा एक तुकडा म्हणजे इथले चार तुकडे. म्हणजे मूळ गेमची चित्रं जशीच्या तशी आणायची म्हटली, तर आठवा हिस्साही मावला नसता. रंगांचीही तीच गत. इथे एका स्प्राइटला पारदर्शक भाग सोडून फक्त ३ रंग मिळतात. म्हणून बेटं एकसारखी दिसतात आणि विमानांवरची छटा गेलेली असते.

विमानं हलतानाही थोडी तुटक वाटतात. हा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही. त्याच फॅमिकॉमवर, तेवढ्याच ४० केबीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ लोण्यासारखा सरकतो. इथे लिहिणाऱ्यांचं कसब कमी पडलं, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

## विमानं लुकलुकायची का?

कॅसेट खराब होती किंवा टीव्हीचा अँटेना हलला होता, हे त्याचं कारण नव्हतं. फॅमिकॉमची चित्रांची चिप एकूण ६४ स्प्राइट दाखवते, पण पडद्यावरच्या एका आडव्या ओळीत फक्त ८. एक स्प्राइट ८ ठिपके रुंद असतो, त्यामुळे १६ ठिपके रुंद विमानाला एका ओळीत दोन स्प्राइट लागतात. अशी चार विमानं शेजारी-शेजारी आली की आठाचा कोटा संपला. पाचवं विमान आलं किंवा मध्येच एखादी गोळी आली, तर चिप ते काढतच नाही. नवव्या पानावर काही वाढलं जात नाही.

आता तेच विमान कायम अदृश्य राहिलं, तर न दिसणाऱ्या शत्रूकडून आपण मरू आणि खेळाडू डबा आपटेल. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे एक युक्ती करतात. प्रत्येक फेरीला वाढायची सुरुवात वेगळ्या टोकाकडून करायची. या क्षणी एक विमान गायब, पुढच्या क्षणी दुसरं. त्यामुळे सगळीच अर्धवट दिसतात आणि आपल्याला ती लुकलुकताना दिसतात. म्हणजे लुकलुक हा बिघाड नाही, गायब होण्यावरचा तो तोडगा आहे. ‘१९४२’ सारख्या झुंडीच्या गेममध्ये तो सारखा वापरावा लागतो.

## उभ्याचा आडवा झाला तेव्हा

हा फरक चित्रांपेक्षा मोठा आहे आणि त्याकडे लक्ष फार कमी जातं. पार्लरच्या खोक्यात टीव्ही चक्क आडवा पाडून, म्हणजे ९० अंशात फिरवून बसवलेला असायचा. चित्र २२४ ठिपके रुंद आणि २५६ ठिपके उंच. पडद्याचा आकार ३ ला ४. घरचा टीव्ही कोणी असा उलथा करत नाही. तिथे आकार ४ ला ३ आणि चित्र २५६ रुंद, २४० उंच. त्या २४० मधल्या वरच्या-खालच्या काही ओळी जुन्या टीव्हीच्या चौकटीआड जायच्या.

हिशेब करून पाहा. पार्लरमध्ये उंची रुंदीच्या १.३३ पट, घरी ०.७५ पट. रुंदीच्या मानाने समोरचा पल्ला ५६ टक्क्यांवर आला. वरून येणारं विमान दिसल्यापासून अंगावर येईपर्यंतचं अंतर कमी आणि बाजूला पळायला जागा जास्त. मूळ गेममध्ये लांबून रांग येताना पाहून, कुठली लाल विमानं आहेत ते हेरून जागा घेता येते. घरच्या आवृत्तीत तेवढी सवड नसते. मोजक्या कोलांट्या भराभर संपतात त्या त्यामुळेच.

## तो टिक-टिक आवाज

मूळ गेमचं संगीत म्हणजे पलटणीचा ताशा आणि शिट्टी. तेही काही फार गोड नव्हतं. फॅमिकॉमकडे त्यासाठी दोन चौकोनी लहरींचे सूर, एक त्रिकोणी लहरीचा सूर आणि एक खरखर एवढंच होतं. रेकॉर्ड केलेले छोटे आवाज वाजवायची सोय होती, पण ४० केबीत त्यांना जागा कुठून द्यायची? मग ताशाचा ठेका तारयंत्रासारख्या टिक-टिकीवर आला. घरच्यांनी टीव्हीचा आवाज बंद करायला लावला असेल, तर दोष त्यांचा नाही.

## ‘पण काही कॉम्प्युटरमध्ये तर तोच प्रोसेसर होता’

हा आक्षेप जाणकार घेतात आणि तो रास्त आहे. ब्रिटनमधल्या एलिट सिस्टिम्सने १९८६ मध्ये ‘१९४२’ झेडएक्स स्पेक्ट्रम, अॅमस्ट्राड सीपीसी आणि कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर आणला. स्पेक्ट्रममध्ये ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० होता, म्हणजे पार्लरच्याच जातीचा आणि वेगाने जवळपास तेवढाच. तरीही तो मूळ गेमच्या आसपास पोचत नाही.

कारण स्पेक्ट्रममध्ये वाढपी एकही नाही. स्प्राइटची सर्किटं नाहीत आणि पार्श्वभूमी सरकवणारीही नाहीत. पडद्याची ६,१४४ बाइट्सची चित्रफळी प्रोसेसरने स्वतः पुन्हा-पुन्हा रंगवायची आणि उरलेल्या वेळात गेम चालवायचा. वर ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात फक्त दोन रंग. वेगळ्या रंगाचं विमान बेटावरून गेलं की बेटाचा रंगही बदलतो. हे टाळायला असे बरेच गेम सरळ एकरंगी करत.

उलट कमोडोर ६४ चा प्रोसेसर जेमतेम १ मेगाहर्ट्झचा, पण त्याच्याकडे ८ हार्डवेअर स्प्राइट आणि सरकणारा पडदा होता. अशा गेमसाठी तो सोयीचा पडायचा. मेगाहर्ट्झच्या आकड्यावरून गेम कसा चालेल हे ठरवता येत नाही, हे या दोन यंत्रांवरून लख्ख दिसतं. गेम बॉय कलर या हातात धरायच्या यंत्रावर २००० साली आलेल्या आवृत्तीची अडचण आणखी वेगळी. तिथे पडदाच १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा होता.

## आपल्याकडच्या प्रत्येक कॅसेटमध्ये हा गेम का असायचा?

भारतात निन्टेन्डोचं मूळ यंत्र फार थोड्यांनी पाहिलं. घरी आले ते त्याचे स्वस्त नकली डबे, ज्यांना सगळे ‘टीव्ही गेम’ म्हणत. त्यांच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असलं काहीतरी छापलेलं असायचं. यादी संपता संपायची नाही, पण त्यात खरे वेगळे गेम मूठभर. बाकी तेच गेम दुसऱ्या नावाने किंवा मधल्या टप्प्यापासून सुरू होणारे.

त्या मूठभरात ‘१९४२’ वारंवार सापडतो, याचं कारण तेच ४० केबी. फॅमिकॉमला कॅसेटमधल्या प्रोग्रॅमचा एका वेळी ३२ केबी भाग थेट वाचता येतो आणि चित्रांचा ८ केबी. ‘१९४२’ आणि पहिला मारिओ नेमके या मापाचे. त्यांना कॅसेटमध्ये कुठलीही जादा चिप लागत नाही. नकली कॅसेट बनवणाऱ्याने एक मोठी रॉम घ्यायची, त्यात असे ४०-४० केबीचे गेम ओळीने भरायचे आणि मेनूमधून निवड झाली की कुठला तुकडा पुढे करायचा एवढं ठरवणारं साधं सर्किट लावायचं. ‘कॉन्ट्रा’ १२८ केबीचा. त्याला आपल्या प्रोग्रॅमचे भाग अदलाबदल करणारं सर्किट लागतं. म्हणून तो स्वस्तातल्या यादीत कमी आणि स्वतंत्र किंवा महागड्या कॅसेटमध्ये जास्त. तेव्हा ‘१९४२’ आपल्याकडे पसरला तो लोकप्रिय होता म्हणून कमी, छोटा होता म्हणून अधिक.

या डब्यांच्या रिमोटवर ‘टर्बो’ बटणंही असायची. ती दाबून ठेवली की बटण भराभर दाबल्यासारखे संदेश जातात. मूळ गेममध्ये अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं ते इथे आयतं मिळायचं. आज मूळ गेम अवघड वाटतो, त्यात या सवयीचाही वाटा आहे.

## आणि वेग? तो भास नाही

जपान-अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रं येत. भारतातल्या टीव्हीची पद्धत पाल, त्यात सेकंदाला ५०. फॅमिकॉमचे गेम आपली घडी चित्रांवरून मोजतात. एका चित्रात विमान अमुक ठिपके पुढे, असा हिशेब असतो. तोच गेम ५० चित्रांच्या डब्यावर चालवला की सगळंच सहाला पाच या प्रमाणात मंदावतं. ६ सेकंदांत घडायचं ते ७.२ सेकंदांत घडतं. पाल पद्धतीच्या डब्यांवर आपण गेम असाच, थोडा सुस्त खेळलो. आता फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तो ६० ने चालतो आणि आठवणीपेक्षा पाचव्या हिश्शाने वेगवान वाटतो. वय झाल्यामुळे हात मंदावलेत असं लगेच समजू नका.

## आज खेळायचा तर

मूळ पार्लरचा गेम हवा असेल तर ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ घ्या. त्यात ‘१९४२’ हा १९८४ ते १९८८ च्या गेम्सच्या पहिल्या संचात येतो. फुकट मिळतो तो ‘१९४३’, म्हणजे पुढचा भाग. तिथे जिवांऐवजी घटत जाणारी ऊर्जा असते, त्यामुळे दोघांत गफलत करू नका. पडदा फिरवायची सोय असेल तर मॉनिटर उभा करा. आडव्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या तशाच राहू द्या. चित्र ताणून पडदा भरला की ३ ला ४ चा आकार बिघडतो, विमानं फुगतात आणि अंतराचा अंदाज चुकतो.

कॅसेटमधलाच गेम हवा असेल तर इम्युलेटर लागतो. म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. इम्युलेटर कायदेशीर आहेत, पण गेमची रॉम फाइल ही कॅपकॉमच्या मालकीची. इंटरनेटवर सापडली म्हणून ती फुकट होत नाही.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी पाहा. काही इम्युलेटर ‘एका ओळीत ८ स्प्राइट’ ही मर्यादा काढून टाकतात. तसं केलं की लुकलुक बरीच कमी होते. दुसरी गोष्ट यंत्राचा प्रदेश. ‘एनटीएससी’, म्हणजे जपान-अमेरिकेची पद्धत निवडली तर गेम ६० ने धावेल. जुना वेग हवा म्हणून बरेच जण ‘पाल’ निवडतात. वेग उतरतो, पण आवाजही अर्ध्या सुरापेक्षा थोडा जास्त खाली जातो, कारण युरोपातल्या अस्सल यंत्राचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झचा होता आणि सूर त्यावरच ठरतो. ५० चित्रांच्या नकली डब्यांसाठी काही इम्युलेटरमध्ये ‘डेंडी’ हा तिसरा पर्याय असतो. रशियात गाजलेल्या अशाच एका डब्याचं ते नाव. त्यात प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झचा धरलेला असतो, जपानी यंत्राच्या १.७९ च्या अगदी जवळ. त्यामुळे विमानं ५० च्या चालीने येतात आणि टिक-टिक मात्र मूळ पट्टीत वाजते.